शेवटच्या खाटेपाशी राउंड थांबला पाहिजे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा पातळीवरच्या एका रुग्णालयात आंतरवासिता (इंटर्नशिप) करणाऱ्या तरुण डॉक्टरांच्या वॉर्डात रावेर तालुक्यातले 58 वर्षांचे एक केळी उत्पादक शेतकरी दाखल आहेत. गालाच्या कर्करोगासाठी मुंबईत त्यांची शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, पण वर्षभरात आजार उलटला. आता गालावर उघडी जखम आहे, मानेत गाठी आहेत, अन्न देण्यासाठी नाकातून जठरापर्यंत जाणारी नळी, म्हणजे राइल्स ट्यूब, घातलेली आहे आणि बोलणे जवळजवळ बंद झाल्यामुळे ते वहीवर लिहून सांगतात. दुखणे असह्य झाले की डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन दिले जाते. ‘आता काही करता येण्यासारखे नाही, घरी घेऊन जा’ असे वरिष्ठांनी मुलाला सांगितले आहे. मुलाने डॉक्टरांना विनवले आहे की अण्णांना यातले काही कळू देऊ नका. आणि अण्णांनी वहीत लिहिले आहे की अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतील तेव्हा मी घरी असलो पाहिजे. अशा वेळी आपण नेमके काय करू शकतो, आणि हे आम्हाला आजवर कोणी का शिकवले नाही, असे त्या डॉक्टरांनी विचारले आहे.

डॉक्टर, सुरुवात त्या वाक्यापासूनच करतो. ‘काही करता येण्यासारखे नाही’ हे विधान वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे आहे. आजार बरा करता येणार नाही, एवढेच त्यातले खरे आहे. वेदना कमी करता येते, जखमेचा वास कमी करता येतो, रात्रीची झोप परत आणता येते, बद्धकोष्ठता आणि मळमळ आवरता येते, तोंडाची स्वच्छता राखता येते, ट्यूबमधून काय आणि किती द्यायचे हे सुनेला शिकवता येते, मुलाच्या मनातली भीती ऐकून घेता येते आणि अण्णांना अखाजीपर्यंत घरी पोहोचवण्याची तयारी करता येते. ही सगळी उपचारांचीच कामे आहेत आणि त्यातल्या प्रत्येकासाठी अभ्यास लागतो. यालाच आपण पॅलिएटिव्ह केअर किंवा उपशामक सेवा म्हणतो.

मी तुमच्या वयाचा असताना मलाही हे येत नव्हते. निवासी डॉक्टर म्हणून काम करत असताना आमच्या स्त्री वॉर्डात अगदी टोकाच्या, खिडकीजवळच्या खाटेवर धडगावकडची एक बाई होती. गर्भाशयमुखाचा कर्करोग पसरलेला होता. तिची भाषा पावरी होती, आमच्यापैकी कोणालाही ती येत नव्हती. सकाळचा राउंड तिच्या अलीकडच्या खाटेपर्यंत रंगायचा, प्रश्नोत्तरे व्हायची, आणि तिच्या खाटेपाशी आला की कोणीतरी केसपेपरवर ‘सीटी ऑल’ लिहायचे आणि सगळे पुढे सरकायचे. ते लिहिणारा बहुतेक वेळा मीच असे. चालू आहे ते चालू ठेवा, असा त्याचा अर्थ. आणि चालू काय होते, तर एक सलाईन आणि गरज पडल्यास द्यायचे वेदनेचे एक इंजेक्शन. गरज पडली हे ठरवणार कोण आणि तिने ते कोणत्या भाषेत सांगायचे, याचा विचार आम्ही केला नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी एके रात्री मला बोलावून सांगितले, की ही बाई रात्रभर उशीत तोंड खुपसून रडते, तुम्हाला आवाज जाऊ नये म्हणून. ती बाई त्यानंतर चार दिवसांनी गेली. त्या वॉर्डात कोणी निर्दय नव्हते. बरे होणाऱ्या माणसाचे काय करायचे हे आम्हाला शिकवले गेले होते, आणि बरे न होणाऱ्या माणसाजवळ उभे कसे राहायचे हे शिकवले गेले नव्हते, म्हणून आमचे पाय आपोआप पुढे वळत होते.

या शास्त्राचा इतिहास फार जुना नाही. डेम सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांसाठीचे शुश्रूषागृह, सुरू केले आणि वेदना केवळ शरीराची नसते, तिच्यात मनाचा, कुटुंबाचा आणि श्रद्धेचाही भाग असतो, ही ‘समग्र वेदने’ची कल्पना मांडली. आपल्याकडे 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झाले. 1993 मध्ये कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनामुक्तीचे काम सुरू केले, आणि त्यातून वाढत गेलेल्या गावोगावच्या स्वयंसेवकांच्या जाळ्यावर केरळने 2008 मध्ये स्वतंत्र धोरण आखले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात 2012 पासून या विषयाचे एमडी शिक्षण मिळू लागले. म्हणजे मी शिकत होतो तेव्हाही ज्ञान उपलब्ध होते. ते आमच्या वॉर्डापर्यंत आलेले नव्हते.

आता अण्णांच्या वेदनेबद्दल. पहिली गोष्ट म्हणजे ती मोजा आणि नाडी, ताप, रक्तदाब यांच्या शेजारी लिहा. शून्य ते दहा हे माप आपल्याकडच्या अनेक म्हाताऱ्या माणसांना नीट समजत नाही. त्यांना रुपयात विचारा, की रुपयातले किती आणे दुखते, आणि ते बरोबर सांगतात. अण्णांच्या हाती वही आहे, त्यामुळे तुमचे काम तुलनेने सोपे आहे. दुसरे म्हणजे वेदना कशी आहे हे त्यांच्या शब्दांत विचारा. खान्देशात हे शब्द फार नेमके आहेत. अहिराणी बोलणारा माणूस ‘ठणकस’ म्हणतो तेव्हा त्याची वेदना एका प्रकारची असते, आणि ‘आग व्हस’ किंवा ‘चमक निंघस’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा गाठीने मज्जातंतू पकडलेला असतो आणि नेहमीची वेदनाशामके एकटी पुरी पडत नाहीत. तिथे रात्री ॲमिट्रिप्टिलिनची छोटी मात्रा किंवा गॅबापेंटिन जोडावे लागते. नीटमधून प्रवेश घेऊन इतर भागांतून आलेल्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या आठवड्यात अहिराणी आणि लेवा गणबोलीतले वीस-पंचवीस शब्द पाठ करायला लावतो, आणि नंदुरबारकडे जाणाऱ्यांना भिली-पावरीतले. हा निदानाचाच भाग आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुखायला लागल्यावर औषध द्यायचे, ही पद्धत सोडा. कर्करोगाची वेदना सतत असते, म्हणून औषधही घड्याळाप्रमाणे द्यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये वेदनाशामकांची जी पायऱ्यांची शिडी सांगितली, तिचा गाभा हाच आहे: शक्यतो तोंडाने, घड्याळाप्रमाणे आणि पायरीपायरीने. अण्णांना डायक्लोफिनॅक वारंवार टोचून त्यांच्या मूत्रपिंडांवर आणि जठरावर ताण येतो आहे, आणि मधल्या तासांत ते वेदनेतच आहेत. त्यांची वेदना तीव्र आहे, तेव्हा त्यांना मॉर्फिन लागेल.

मॉर्फिन हा शब्द उच्चारला की वॉर्डात शांतता पसरते, हे मला माहीत आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तोंडाने किंवा ट्यूबमधून द्यायचे साधे मॉर्फिन सुमारे चार तास काम करते. मूत्रपिंडे चांगली असतील तर सर्वसाधारणपणे 5 मिलिग्रॅम दर चार तासांनी, आणि माणूस फार अशक्त किंवा वृद्ध असेल तर 2.5 मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. रात्री झोपताना दुप्पट मात्रा दिली तर मध्यरात्रीची मात्रा वगळता येते आणि घरातल्यांनाही झोप मिळते. मध्येच वेदना उसळली तर दिवसभराच्या एकूण मात्रेचा सहावा भाग जादा देतात. म्हणजे दिवसाला 30 मिलिग्रॅम चालू असेल तर 5 मिलिग्रॅम. अशा जादा मात्रा किती लागल्या ते लिहून ठेवले, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूळ मात्रा किती वाढवायची ते आपोआप कळते. साधी गोळी कुटून पाण्यात मिसळून ट्यूबमधून देता येते, पण बारा तास चालणारी लांब परिणामाची गोळी कधीही कुटायची नाही, कारण मग सगळे औषध एकदम अंगात जाते. आणि मॉर्फिन ज्या दिवशी सुरू होईल त्याच दिवशी रेचक सुरू झाले पाहिजे. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरतात, बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. नातेवाईक प्रेमाने इसबगोल देतात. पुरेसे पाणी पोटात न जाणाऱ्या माणसात त्याचा गोळा होऊन त्रास वाढतो, तेव्हा ते थांबवून रेचकाचे पातळ औषध ट्यूबमधून द्या.

श्वास बंद पडेल ही भीती प्रत्येक नव्या डॉक्टराला असते. वेदनेच्या प्रमाणात हळूहळू वाढवत नेलेल्या तोंडी मॉर्फिनने असे सहसा होत नाही, आणि मात्रा जास्त होऊ लागली तर श्वास मंदावण्याच्या बऱ्याच आधी माणूस गुंगू लागतो, म्हणजे सावध होण्यास वेळ मिळतो. क्रिॲटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेल्या रुग्णात मात्र खरोखर जपावे लागते, कारण मॉर्फिनचे घटक शरीरात साठत जातात. तिथे मात्रा कमी करतात, मधले अंतर वाढवतात किंवा फेंटॅनिलसारखे दुसरे औषध निवडतात. अण्णांचे क्रिॲटिनिन आज पाहून घ्या, विशेषतः इतके डायक्लोफिनॅक झाल्यावर. पहिली मात्रा लिहिताना भूलतज्ज्ञांना किंवा या कामात मुरलेल्या एखाद्या वरिष्ठांना सोबत घ्या.

औषध मिळत नाही, ही तक्रार एकेकाळी पूर्ण खरी होती. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर रुग्णालयाला मॉर्फिन ठेवण्यासाठी राज्याराज्यांचे वेगवेगळे परवाने लागत, आणि एकाची मुदत दुसरा हाती येईपर्यंत संपून जात असे. 2014 च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन यांसह सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरवली गेली आणि राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यता मिळालेली वैद्यकीय संस्था ती ठेवू शकते, अशी सोपी सोय झाली. त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर, कुलपाचे कपाट आणि नीट लिहिलेली नोंदवही लागते. सातपुड्याच्या पलीकडे मंदसौर-नीमच भागात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमचला सरकारी कारखान्यात तिच्यावर प्रक्रिया होते, आपला देश ती औषधांसाठी निर्यातही करतो. आणि आपल्या भागात आजही अनेक माणसे एका गोळीसाठी तळमळत जातात, कारण त्यांच्या रुग्णालयाने मान्यतेचा अर्जच केलेला नसतो. तुमच्या रुग्णालयाला ही मान्यता आहे का, हे औषध भांडारात जाऊन विचारा. नसेल तर अर्जाचा मसुदा तयार करून अधीक्षकांपुढे ठेवा. आंतरवासिताने हे करू नये असा कोणताही नियम नाही.

जखमेबद्दल बोलायला लोक संकोचतात, पण अण्णांना वेदनेइतकाच वासाचा त्रास होत असणार, आणि त्या वासामुळेच भेटायला येणारे दारातून परत जात असणार. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची बारीक पूड मिठाच्या कोमट पाण्याने धुतलेल्या जखमेवर रोज टाकली, की काही दिवसांत वास लक्षणीय कमी होतो. ड्रेसिंग काढताना चिकटलेले असेल तर ओढू नका, भिजवून सोडवा, आणि ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी मॉर्फिनची जादा मात्रा द्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात माश्या फार असतात; खाटेला मच्छरदाणी लावायला सांगा, ती दिवसाही लावा. अळ्या झाल्याच तर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेले कापड जखमेच्या कडेशी धरून त्या बाहेर आल्यावर चिमट्याने काढतात; यात कोणाचा निष्काळजीपणा नाही, हे सुनेला स्पष्ट शब्दांत सांगा, कारण ती स्वतःला दोष देत असते. मानेतल्या गाठी मोठ्या असतील तर एखाद्या दिवशी मोठा रक्तस्राव होण्याचा संभव असतो. ही गोष्ट मुलाला आधी, बाजूला घेऊन सांगावी लागते, आणि घरात गडद रंगाची, लाल किंवा तपकिरी, दोन-चार मोठी कापडे हाताशी ठेवायला सांगावी लागतात. पांढऱ्या चादरीवरचे रक्त पाहिलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढून ते दृश्य वर्षानुवर्षे हलत नाही.

इथे थोडे विषयाच्या कडेला जातो. ही सेवा केवळ कर्करोगासाठी आहे, असा समज करून घेऊ नका. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या, आता दोन पावलांत धापा टाकणाऱ्या आजी, हृदय निकामी होत चाललेले रुग्ण, डायलिसिस न पेलणारे रुग्ण, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले लोक, या सर्वांचा तो हक्क आहे. धाप लागलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर छोटा पंखा धरला तरी त्याला खरोखर बरे वाटते, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे. आणि नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा भागातली सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची मुले वेदनेच्या झटक्यात दाखल होतात तेव्हा ‘हा सारखा इंजेक्शन मागतो’ असे म्हणून त्यांच्यावर संशय घेऊ नका. सिकलसेलची वेदना हाडाच्या आतली असते आणि ती मॉर्फिनच्या योग्यतेची असते. ही मुले मरणाच्या दारात नसतात, तरी वेदनेचे शास्त्र त्यांच्यासाठीही तेच आहे. उपशामक सेवा उशिरा, शेवटच्या आठवड्यात सुरू करायची असते, हाही गैरसमजच आहे. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवर झालेला आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की निदानानंतर लगेच ही सेवा मिळालेले रुग्ण अधिक समाधानाने जगलेच, शिवाय मध्यक पाहता अधिक काळ, 8.9 ऐवजी 11.6 महिने, जगले.

आता मुलाच्या विनंतीकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नातली खरी अवघड जागा तीच आहे. ‘अण्णांना सांगू नका’ असे म्हणणारा मुलगा आपला विरोधक नसतो. त्याला एकदा खुर्ची द्या आणि विचारा, की सांगितले तर काय होईल असे तुम्हाला वाटते. बहुतेक वेळा उत्तर येते, की ते खचतील, जेवण सोडतील, जीव देतील. हे ऐकून घ्या, त्याचे प्रेम मान्य करा, आणि मग सांगा की मी स्वतःहून त्यांच्यावर काही लादणार नाही, पण त्यांनी मला विचारले तर मी खोटे बोलणार नाही. नंतर मुलाच्याच उपस्थितीत अण्णांना विचारा: ‘अण्णा, तुमच्या दुखण्याबद्दल तुम्हाला काय वाटते? अजून किती जाणून घ्यायचे आहे?’ काही माणसे म्हणतात की डॉक्टरसाहेब, ते पोराला सांगा, मला नको; त्यांच्या या इच्छेचाही मान राखायचा. पण बहुतेकांना ठाऊक असते. अण्णांनी वहीत अखाजीचा उल्लेख केला आहे. अखाजीनंतरच्या कोणत्याही गोष्टीचा केलेला नाही. मला वाटते त्यांनी तुम्हाला उत्तर आधीच लिहून दिले आहे.

यावलकडच्या एका गावातले एक गृहस्थ मला आठवतात. मुले त्यांना ‘आप्पा, पित्ताचा त्रास आहे’ असे सांगत, आणि आप्पा मुलांना ‘हो, पित्तच आहे’ असे म्हणत. एकटे असताना त्यांनी मला सांगितले, की पोरांना कळू देऊ नका, त्यांना झेपणार नाही. दोन्ही बाजू एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होत्या. त्यांना एका खोलीत बसवून मी फक्त म्हणालो, की आप्पांना सगळे माहीत आहे. पुढचा अर्धा तास कोणी बोलले नाही, सगळे रडले. त्या संध्याकाळी आप्पांनी सातबाऱ्याचे कागद मागवले, पीककर्जाचा हिशेब थोरल्याला समजावला, धाकट्याशी मोडलेले बोलणे जोडले आणि पहिल्यांदा रात्रभर झोपले.

अशा बोलण्यासाठी पद्धत आहे आणि ती शिकता येते. कर्करोगतज्ज्ञांनी 2000 मध्ये मांडलेली सहा पायऱ्यांची एक रीत जगभर शिकवली जाते: शांत जागा, रुग्णाला काय माहीत आहे ते विचारणे, त्याला किती ऐकायचे आहे ते विचारणे, साध्या भाषेत थोडे थोडे सांगणे, त्याच्या भावनांसाठी थांबणे, आणि पुढे काय करायचे ते मिळून ठरवणे. यात सर्वांत कठीण पायरी थांबण्याची आहे. तरुण डॉक्टर वाईट बातमी सांगतात आणि घाबरून लगेच तपासण्यांबद्दल बोलू लागतात. सांगून झाल्यावर मनात वीसपर्यंत आकडे मोजा आणि तोवर बोलू नका, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

घरी पाठवण्याच्या पद्धतीबद्दल मला फार कळकळीने लिहावेसे वाटते. आपल्याकडे असे रुग्ण बहुतेक वेळा ‘डामा’वर जातात. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत, अशी नातेवाइकांची सही घेतली जाते, आणि सल्ला दिलेला असतो आपणच. त्या सहीमुळे कागद पूर्ण होतो, पण हाती ना औषध असते ना कोणाचा फोन. सल्ल्याविरुद्ध गेल्याची नोंद असल्याने गावातले डॉक्टरही हात लावायला कचरतात. अण्णांना डामा देऊ नका. त्यांना रीतसर डिस्चार्ज द्या आणि कार्डावर निदान, सध्याची मात्रा, जादा मात्रा, रेचक, जखमेची काळजी, ट्यूब निघाली तर कोणाला बोलवायचे आणि रात्री कोणाला फोन करायचा, हे मराठीत लिहून द्या. त्यांच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना तुम्ही स्वतः फोन करा. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांत आता उपशामक सेवेचा समावेश आहे, आणि अशा फोनमुळेच कागदावरची ती तरतूद प्रत्यक्षात येते. गिळणे आणि ट्यूब दोन्ही बंद पडले तर औषध कातडीखाली बारीक सुईने देता येते, हे केंद्रातल्या सिस्टरला दाखवून ठेवा. शेवटच्या काही तासांत घशात घरघर वाजू लागते. ती ऐकून घरचे लोक घाबरून पुन्हा गाडी करून रुग्णालयाकडे धावतात. ती घरघर रुग्णाला स्वतःला सहसा जाणवत नाही, कूस बदलली आणि औषध दिले की कमी होते, हे मुलाला आताच सांगून ठेवा.

कायद्याची धास्ती असेल तर एवढे लक्षात ठेवा, की वेदनेसाठी योग्य मात्रेत मॉर्फिन देणे आणि इच्छामरण यांचा काही संबंध नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि निष्फळ ठरलेले कृत्रिम उपचार थांबवण्याची रीत घालून दिली; 24 जानेवारी 2023 रोजी ती रीत आणखी सोपी केली. अण्णांच्या बाबतीत व्हेंटिलेटरचा प्रश्न आज उद्भवलेलाच नाही, पण तो उद्भवला तर काय करायचे हे त्यांच्याशी आणि मुलाशी बोलून केसपेपरवर लिहून ठेवणे चांगले.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हे शिकवले का जात नाही? 2019 पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात वेदना, उपशामक सेवा आणि संवादकौशल्य यांना जागा मिळाली आहे, आणि ती स्वागतार्ह आहे. पण व्याख्यानातून हा विषय उतरत नाही, हा माझा अनुभव आहे. विद्यार्थी शिकतो तो वरिष्ठ काय करतात ते पाहून. प्राध्यापक शेवटच्या खाटेपाशी थांबले, खुर्ची ओढून बसले, रुग्णाचा हात हातात घेऊन ‘रात्री झोप लागली का’ असे विचारले, की तीस विद्यार्थ्यांचे शिक्षण तिथल्या तिथे होते. ते न थांबता पुढे गेले, तरी शिक्षण होतच असते. म्हणून माझ्या वॉर्डात राउंड त्या खाटेपासून सुरू होतो. प्रत्येक आंतरवासिताने अशा एका रुग्णाजवळ रोज दहा मिनिटे बसायचे आणि तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहायचे. दर आठवड्याला आम्ही बोलण्याचा सराव करतो. एक जण डॉक्टर होतो, एक जण ‘सांगू नका’ म्हणणारा मुलगा होतो, आणि मुलाची भूमिका केलेला विद्यार्थी नंतर सांगतो की कोणत्या वाक्याने त्याला बरे वाटले आणि कोणत्या वाक्याने तो दुखावला. महिन्यातून एकदा आशाताईंबरोबर रुग्णाच्या घरी जातो. ज्या घरात उंबऱ्याजवळ खाट टाकलेली असते आणि मोरी मागच्या अंगणात असते, तिथे आपल्या कार्डावरच्या निम्म्या सूचना निरर्थक ठरतात, हे घरी गेल्याशिवाय कळत नाही. आणि परीक्षेत विचारले जात नाही ते वाचले जात नाही, तेव्हा प्रात्यक्षिक परीक्षेत वाईट बातमी सांगण्याचे आणि मॉर्फिनची मात्रा काढण्याचे एकेक केंद्र (स्टेशन) असलेच पाहिजे, असा आग्रह मी धरतो.

या शिक्षणात सिस्टर, मावशी आणि मामा यांनाही शिक्षक माना. कोणता रुग्ण रात्री जागतो, कोणाचा मुलगा तीन दिवस आलेला नाही, हे त्यांना आपल्या आधी माहीत असते. शिवाय आणखी एक गोष्ट, जी कोणीही शिकवत नाही. रुग्ण गेल्यावर नातेवाइकांचे सांत्वन होते, पण ज्या आंतरवासिताने महिनाभर त्याचे ड्रेसिंग केले, त्याला कोणी विचारत नाही. मृत्यूचा दाखला लिहून तो पुढच्या ॲडमिशनकडे जातो. अण्णा जातील तेव्हा तुम्हाला वाईट वाटेल, आणि वाटले पाहिजे. त्या दिवशी एखाद्या वरिष्ठांजवळ किंवा मित्राजवळ बसून त्यांच्याबद्दल बोला; आमच्या वॉर्डात त्यासाठी आम्ही चहाची पंधरा मिनिटे राखून ठेवली आहेत. पुढे शिकण्याची इच्छा झाली तर भारतीय पॅलिएटिव्ह केअर संघटनेचा मूलभूत अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतो, आणि तिरुवनंतपुरमला डॉ. राजगोपाल यांच्या संस्थेत किंवा टाटा रुग्णालयात काही आठवडे राहून आलात तर तुमची पाहण्याची नजरच बदलेल.

तूर्त अण्णांकडे परत जा. आज मात्रा सुरू झाली तर दोन-तीन दिवसांत ती स्थिरावेल आणि अखाजीच्या आधी ते घरी पोहोचतील. ट्यूबमधून देण्याचे आणि ड्रेसिंगचे काम सुनेकडून वॉर्डातच दोन वेळा करून घ्या, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा. मॉर्फिनच्या वेळा त्यांच्या घरच्या दिनक्रमाला जोडून लिहा: पहाटे वीज पंपाला जातानाची, न्याहारीची, दुपारची, दिवेलागणीची, झोपतानाची. गोळ्या कुलपात ठेवायच्या आणि लहान मुलांच्या हाती लागू द्यायच्या नाहीत, हे मुलाकडून वदवून घ्या. लेकी आल्या की आमरस होईल, आणि अण्णांनाही तो देता येईल का, असे कोणीतरी नक्की विचारेल. देता येतो. ताजा रस पातळ करून दोनदा मलमलच्या कापडातून गाळायला सांगा, म्हणजे धागा अडकून ट्यूब तुंबणार नाही. वरून पन्नास मिलिलिटर पाणी सोडायचे, आणि जमल्यास एक थेंब बोटाने त्यांच्या जिभेवर लावायचा.